गाडी थांबव, मग बोल

ऑक्सिजनच्या सिलिंडरची गाडी चालवणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? सिलिंडरताई. नाव कुणीतरी चेष्टेनं ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. डोंगरातल्या वस्त्यांवर अंथरुणाला खिळलेली माणसं तिची वाट बघत पडलेली असायची आणि गाडीचा आवाज आला की घरातलं कुणीतरी आत वर्दी द्यायचं, "आल्या सिलिंडरताई." तिला त्याचं काही वाटत नसे. एकदा नवऱ्यानंच घरात तशी हाक मारली, तर ती इतकी हसली की गॅसवरचं दूध उतू गेलं.

मात्र कामाच्या बाबतीत तिच्याशी चेष्टा चालायची नाही. नऊ वर्षांत तिच्या उशिरापायी एकही माणूस दगावला नव्हता. ही गोष्ट ती कुणाला सांगत नसे, कारण सांगितली की दृष्ट लागेल अशी तिला धास्ती होती. पण रोज गाडीची किल्ली फिरवताना ती मनाशी तेवढं म्हणून घ्यायची, की आजही नको.

डोंगरात शिरलं की फोनचं नेटवर्क पहिल्या दोन वळणांतच जायचं. म्हणून डेपोनं सगळ्या ड्रायव्हरांच्या फोनमध्ये एक नकाशा भरून दिला होता. त्याला नेटवर्क लागत नसे. फोन आपली जागा थेट उपग्रहांकडून ओळखायचा आणि पडद्यावरचा निळा बाण रस्त्यानं सरकत राहायचा. त्यात आणखी एक सोय होती, ती अण्णांनी शोधून काढली. रस्त्यात एखाद्या ठिकाणी बटण दाबून बोललं, की ते बोलणं नकाशावर त्याच जागी बसायचं. पुढच्या वेळी गाडी तिथं आली की आपोआप ऐकू यायचं. संध्याकाळी सगळ्यांचे फोन डेपोतल्या कॉम्प्युटरला लावायचे, म्हणजे एकाच्या नोंदी सगळ्यांकडे.

अण्णा म्हणजे डेपोतले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. भरलेली गाडी उतारावर कशी आवरायची, हे ताईला त्यांनी शिकवलं. नोंदींचा नियमही त्यांचाच होता : गाडी थांबव, मग बोल. चालत्या गाडीत बोललं की नोंद अर्धा किलोमीटर पुढं जाऊन पडते, आणि मागून येणारा खड्ड्यात पडून झाल्यावर त्याला खड्ड्याची खबर मिळते. एकदा नवीन ड्रायव्हरनं असं केलं, तर अण्णांनी त्याला भर दुपारी परत पाठवून नोंद पुन्हा करायला लावली होती.

त्यांच्या स्वतःच्या नोंदी शेकड्यांनी होत्या आणि प्रत्येकीत काहीतरी खोडी असायची. "मंडळी, इथं खड्डा आहे. माझं टक्कल आणि हा खड्डा, दोन्ही भरून देतो असं सगळे म्हणतात." मागं त्यांच्या गाडीचं इंजिन खडखडत असायचं, कारण ती गाडी एकदा बंद केली की पुन्हा चालू व्हायचा भरवसा नव्हता.

गेल्या थंडीत अण्णा गेले. घरात, आपल्या पलंगावर, झोपेत गेले. त्यांच्या नोंदी मात्र कुणी पुसल्या नाहीत. कुणाचीही नोंद पुसायची नाही, हा डेपोचा रिवाजच होता. पहिले दोन महिने वळणावळणावर तो आवाज आला की ताईचा जीव गलबलून यायचा. मग सवय झाली, आणि नंतर तर त्या आवाजाची सोबतच वाटू लागली.

तिच्या स्वतःच्या नोंदी मात्र सहाच्या वर नव्हत्या. तिला आपला आवाज ऐकायला अजिबात आवडायचा नाही. त्यात डेपोत एक नकल्या होता, कुणाचीही हुबेहूब नक्कल करणारा. तो नाक चिमटीत धरून तिच्यासारखं बोलायचा आणि म्हणायचा, "ताईंची नोंद ऐकली की मला शाळेतली प्रार्थना आठवते. आपोआप हात जोडले जातात."

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला डेपोत फोन आला. घड्याळवाल्या काकांच्या बहिणीचा, आक्कांचा, घरच्या लँडलाइनवरून. काकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. आता फुप्फुसं थकली होती. यंदाच्या उन्हाळ्यापासून त्यांना ऑक्सिजन सुरू झाला होता. घरी हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र होतं, पण ते विजेवर चालणारं, आणि रात्रीच्या वादळानं डोंगरातली वीज गेली होती.

"शेवटचा सिलिंडर लावलाय गं," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम शांत होता, आणि ताईला त्याचीच भीती वाटली. "काटा बघता चारपर्यंत पुरेल. त्याच्या पुढं नाही."

"मी साडेतीनला दारात असेन."

"तू म्हणालीस की येशीलच. हा सगळी घड्याळं लावून बसलाय. मला म्हणतो, ती काही उशीर करायची नाही."

ताईनं तीन सिलिंडर चढवले, पट्टे आवळले आणि एक वाजून वीस मिनिटांनी डेपो सोडला. एरवी दोन तासांचा रस्ता. वेळ होता.

तासाभरानं एका वळणावर गाड्यांची रांग लागलेली दिसली. दरड खाली आली होती आणि दरडीबरोबर दोन मोठी झाडं. फावडं टेकून उभ्या असलेल्या एका कामगाराला तिनं खिडकीतून विचारलं, किती वेळ लागेल.

"संध्याकाळ तरी होईल, ताई. मशीन यायचंय अजून."

"माझ्याकडे ऑक्सिजन आहे हो. पेशंटचा."

त्यानं गाडीकडं पाहिलं, दरडीकडं पाहिलं. "तुम्ही म्हणत असाल तर खांद्यावर घेऊन पलीकडं टाकतो. पण पलीकडून नेणार कोण?"

पलीकडं एकही गाडी नव्हती. ताईनं फोन हातात घेतला. नेटवर्क नव्हतंच. नकाशावर दुसरा रस्ता मागितला, तर थोडा वेळ विचार करून त्यानं एक बारीक रेघ दाखवली, मागं दोन किलोमीटरवरून जंगलात शिरणारी. जंगल खात्याचा जुना रस्ता. पोचण्याची वेळ, तीन वाजून चाळीस मिनिटं. या रस्त्यानं ती आयुष्यात कधी गेली नव्हती. तिनं गाडी वळवली.

रस्ता अरुंद होता आणि दोन्ही बाजूंना उंच झाडं. दहा मिनिटांत धुकं आलं. दुपारची वेळ असूनही दिवे लावावे लागले, आणि दिव्यांचा उजेड गाडीच्या नाकापाशीच थांबू लागला. ओल्या पानांचा, कुजक्या लाकडाचा वास काचा बंद असूनही आत येत होता. मागं सिलिंडर एकमेकांना लागून हळू वाजत होते. ती बाणाकडं बघत चालली होती, कारण रस्त्याकडं बघून काही दिसत नव्हतं.

आणि फोनमधून अण्णा बोलले.

"मंडळी, हा रस्ता अरुंद आहे. समोरून कुणी आलं तर मानपान बाजूला ठेवून गाडी मागं घ्या. मी एकदा एका म्हशीसाठी अर्धा किलोमीटर मागं गेलोय. बाई काही ऐकायलाच तयार नव्हती." मागं इंजिन खडखडत होतं.

ताईला एकदम हलकं वाटलं. म्हणजे अण्णा या रस्त्यानं गेले होते. मग काळजी नको. पुढं ओढ्यावर पूल लागला, तिथंही ते होते. "याला पूल म्हणतात म्हणे. हळू, मंडळी. फळ्या वाजतील, त्यांना वाजू द्या. आपण वाजायचं नाही." ती हसली आणि गाडी पलीकडं नेली.

तीन वाजून पाच मिनिटांनी फाटा आला. धुक्यात रस्त्याचे दोन रस्ते झाले होते. डावा वर चढत होता, उजवा खाली उतरत होता. वरती झाडांची दाटी एवढी, की फोनला उपग्रह नीट दिसेनात. बाण कधी डाव्या रेघेवर जाई, कधी उजव्या. नकाशा म्हणत होता, उजवीकडून पस्तीस मिनिटं, डावीकडून तासभर. म्हणजे डावीकडून गेलं तर चार वाजून पाच मिनिटं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

"उजवीकडं ये, पोरी," अण्णांचा आवाज आला. "जवळ पडेल."

तिनं स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं. पुढचं चाक उताराला लागलंही. तेवढ्यात दुसरी नोंद वाजली. बाईचा आवाज होता.

"उजवीकडं जाऊ नकोस."

मग थोडा वेळ नुसता श्वास. "मी गेले होते..."

ताईनं ब्रेक दाबला.

गाडी बंद करून ती तशीच बसून राहिली. बाहेर पानांवरून पाणी ठिबकत होतं, बाकी काही नाही. तो आवाज तिचा होता. आपला आवाज माणसाला लगेच ओळखू येतो, विशेषतः आवडत नसला तर.

पहिल्यांदा तिला नकल्याचा राग आला. हे त्याचंच काम. परत गेल्यावर त्याला असा धुवून काढते की पुन्हा तोंड उघडणार नाही. पण नकल्या इथं येणार कशाला? या रस्त्यावर पेशंट नाहीत. आणि नोंद इथं पडायची तर फोन इथं यायला हवा, गाडी इथं थांबायला हवी. तिनं या जागेच्या नोंदी उघडल्या. दोनच होत्या. अण्णांच्या नोंदीपुढं तारीख नव्हती. दुसरीपुढं होती. आजचीच होती. वेळ, संध्याकाळी सव्वासात.

फोनच्या कोपऱ्यातल्या घड्याळात तीन वाजून सात मिनिटं झाली होती.

उपग्रहांचा काहीतरी घोळ झाला असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. तिनं अण्णांची नोंद पुन्हा लावली, धीर यावा म्हणून.

"उजवीकडं ये, पोरी. जवळ पडेल. काकांना उशीर नको व्हायला..."

मघाशी एवढंच वाक्य होतं का? तिला आठवेना. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. काकांचा ऑक्सिजन उन्हाळ्यात सुरू झाला. अण्णा थंडीत गेले. काका म्हणून कुणी पेशंट असणार आहे, हे अण्णांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

आणि आवाजाच्या मागं इंजिन नव्हतं. तिथं नुसती शांतता होती, मोठ्या बंद खोलीत असते तशी, आणि त्या शांततेत कुठंतरी लांब पाणी हलत होतं.

तरीही तिला जावंसं वाटलं, हे खरं. कुणी पोरी म्हणून हाक मारून आता वर्ष होत आलं होतं. वडील लहानपणीच गेले, त्यानंतर तिला पोरी म्हणणारा एकच माणूस होता, आणि तो आता बोलावत होता. तिचे डोळे भरून आले. नकाशाही तिकडंच बोट दाखवत होता. उतारावर धुकं जरा विरळ झाल्यासारखं दिसत होतं, रस्ता चांगला रुंद वाटत होता.

"अण्णा," ती फोनकडं बघून हळूच म्हणाली, "एखादी तरी चेष्टा करा हो."

तिनं तिसऱ्यांदा बटण दाबलं. थोडा वेळ नुसतं पाणी ऐकू आलं.

"उशीर होतोय तुला..."

तिनं झटक्यात दुसरी नोंद लावली, आपली. या वेळी शेवटपर्यंत ऐकली.

"उजवीकडं जाऊ नकोस. मी गेले होते... चार वाजून गेले."

नाक चोंदलेलं, घसा बसलेला, शब्दाशब्दाला ओढून आणलेला आवाज. खूप रडून झाल्यावरचा. नकल्याला तिचा डेपोतला ठणठणीत आवाज येत होता. हा आवाज त्यानं ऐकलाच नव्हता. हा कुणीच ऐकला नव्हता, नवऱ्यानंही दोनदाच.

तीन वाजून बारा मिनिटं. डावीकडून चार वाजून पाच मिनिटं झाली असती, आता बारा. अण्णांचं ऐकलं आणि ते खरं निघालं तर काका वाचणार. स्वतःचं ऐकलं आणि ते खोटं निघालं, तर एका म्हाताऱ्याचा जीव आपण भुताटकीच्या भीतीनं घेतला, हे घेऊन तिला जन्म काढावा लागणार. नऊ वर्षं ती रस्ता चुकली की दुसऱ्याला विचारत आली होती. स्वतःला विचारायची वेळ कधी आली नव्हती.

ती बराच वेळ बसली असं तिला वाटलं. प्रत्यक्षात मिनिटभरच गेलं असेल. मग तिनं गाडी चालू केली, मागं घेतली आणि डावीकडं चढवली.

"पोरी..." फोन म्हणाला.

तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

"पोरी, इकडं..."

आवाज चढावाबरोबर मागं पडत गेला. रस्त्यात कुणाला सोडून पुढं निघून यावं तसा मागं पडत गेला, आणि ती रडत रडत गिअर बदलत राहिली. पहिल्या वळणानंतर नकाशा म्हणाला, मार्ग बदलला आहे. मग गप्प झाला.

चढ संपल्यावर मात्र रस्ता बदलला. नकाशात तो कच्चा होता, पण इथं कधीतरी नवं डांबर पडलं होतं आणि नकाशाला त्याचा पत्ता नव्हता. पोचण्याची वेळ चार बारावरून चारवर आली. मग तीन सत्तावन्न. ताईनं एवढी भरधाव गाडी पूर्वी कधी हाकली नव्हती. वस्तीचं पहिलं छप्पर धुक्यातून वर आलं तेव्हा तीन वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती.

आक्का फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी दार हातानं धरून ठेवलं. ताईनं सिलिंडर बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत आत नेला. खोलीत भिंतभर घड्याळं टिकटिकत होती आणि खिडकीशी पलंगावर काका अर्धवट बसलेले, ओठ निळसर, डोळे मिटलेले. जुन्या सिलिंडरचा काटा लाल पट्टीच्या तळाशी टेकला होता. तिनं पान्यानं जोड सोडवला, नव्या सिलिंडरला बसवला, चावी फिरवली. बारीक फुसफुस सुरू झाली. काकांच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावर अठ्ठ्याहत्तर आकडा होता. ती आकड्याकडं बघत गुडघ्यांवर बसून राहिली. ऐंशी. त्र्याऐंशी. सत्त्याऐंशी. तेवढ्यात भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांनी चारचे ठोके दिले, एकामागून एक, कारण काकांनी सगळी लावली तरी कुठलीच दोन एकत्र वाजायची नाहीत.

"बस तू," आक्का म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "चहा टाकते. तुझा तर चेहरा पांढरा पडलाय."

"रस्ता बंद होता. जंगलातून आले."

"फाट्यावरून?" आक्का दारातच थांबल्या. "उजवीकडं नाही ना गेलीस? गेल्या महिन्यापासून खाली सगळं पाणीच पाणी आहे. बांध फुटलाय तिथला. रस्ता मधेच संपतो."

"नाही गेले," ताई म्हणाली.

आक्का स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज येऊ लागला. ताईला हळूहळू आपले पाय, आपली पाठ, आपला घाम जाणवू लागला. संपलं होतं. काका होते. आजही कुणी गेलं नव्हतं. तिला हसू यायला लागलं आणि ते आवरावं म्हणून तिनं काकांची चादर उगीचच नीट केली.

काकांनी डोळे उघडले. थोडा वेळ तिच्याकडं बघितलं, मग हातानं मास्क जरा वर उचलला.

"आज वेळेत आलात, ताई."

"मी कधी उशीर केलाय का, काका?"

"तेव्हा झाला ना." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट आपल्याकडून कुणाची समजूत काढायची राहून गेली, असा सूर होता.

"कधी?"

"तेव्हा हो. आक्का बाहेर लोकांना कळवत होती. आणि तुम्ही इथंच, असंच पलंगाशी बसून रडत होता." ते श्वासासाठी थांबले. "मी किती सांगितलं, ताई, तुमची चूक नाही, उठा आता, घरी जा... किती हाका मारल्या. पण तुम्हाला काही ऐकूच जाईना."